घरचा नंबर

सोमवार, २ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या तीन नंबरच्या खोलीचं काम आज पुरं झालं. पडदा आला, तपासणीचं टेबल आलं, भिंतींना फिका रंग लागला. मग डॉक्टर मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर टॅब माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "मानसिंग ब्रदर, याची जबाबदारी तुमची." जेऊरजवळच्या वस्तीवरच्या शाळेत पाटीवर अक्षरं गिरवलेला माणूस मी. टॅब दोन्ही हातांनी धरला.

घरात मार खाल्लेल्या, अत्याचार झालेल्या बायका आमच्याकडे येतात. आजवर त्यांचं दुखणं केसपेपरवर दोन ओळींत आटोपायचं: डोळ्याखाली सूज, पडल्याने असे रुग्ण सांगते. पुढं कधीतरी तो कागद कोर्टात गेला की वकील विचारायचा, सूज केवढी, कुठल्या बाजूला, रंग कसा? सिस्टरला काय आठवणार?

आता टॅबवर बाईच्या शरीराची आकृती येते, पुढची आणि पाठची. मार जिथं बसला तिथं बोट ठेवलं की लाल ठिपका उमटतो. मग त्या जागेचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. तारीख आणि वेळ आपोआप बसते, मागाहून कुणालाच बदलता येत नाही. मॅडमनी तपासून नोंद बंद केली की ती पक्की. फोटो फक्त मॅडमना आणि तपासणाऱ्या सिस्टरना दिसतात. मला आकृती, ठिपके आणि नाव-पत्ता. तेच योग्य आहे.

तपासणी शिवलीला सिस्टर करणार. त्या अक्कलकोटकडच्या. कानडी आणि मराठी त्यांना सारखीच येते. या कामाचं खास शिक्षण घेऊन आल्या आहेत.

हे सगळं तयार करणारा पुण्याचा ऋतुराज आज आला होता. त्याला मी एक सूचना केली आणि त्यानं ती लगेच मान्य केली. गॅसचा नंबर लावला तरी फोनवर मेसेज येतो. मग एवढी मोठी गोष्ट सांगून गेलेल्या बाईला काहीच का येऊ नये? नोंद बंद झाली की तिला आपोआप मेसेज जावा. शब्दही मीच लिहून दिले: "आपल्यावर झालेल्या अन्यायाची नोंद आमच्याकडे सुरक्षित आहे. धीर धरा. आपण एकट्या नाही."

शिवलीला सिस्टरनी विचारलं, "मेसेज कुठं जाणार, ब्रदर?"

"फोनवर," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. शिकलेल्या आहेत, पण तांत्रिक गोष्टी त्यांच्या पटकन लक्षात येत नाहीत असं दिसतं. हळूहळू येतील.

घरी सौ.ला मेसेज वाचून दाखवला. म्हणाली, "देवळातल्या पाटीवानी वाटतंय. चांगलं हाय."

बुधवार, ४ फेब्रुवारी

पहिली नोंद काल बंद झाली. एक शिक्षिका होत्या. आज पट्टी बदलायला आल्या तेव्हा आपणहून म्हणाल्या, "काल तुमचा मेसेज आला. दोनदा वाचला." मी मान खाली घालून बरं म्हणालो. दिवसभर काम करताना ते वाक्य मनात येत होतं.

इथं सोलापुरात कानडी बायका पुष्कळ येतात, म्हणून मेसेज कानडीतही हवा. भाषांतराला शिवलीला सिस्टरना सोमवारीच सांगितलं होतं. आज विचारलं तर म्हणाल्या, "बघू की, ब्रदर." तीन ओळींचं तर काम. माणूस गुणी आहे, पण जरा चालढकल करण्याची सवय दिसते.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो. बाईचं खरं नाव लिहिणार नाही. इथं तिला चंद्रव्वा म्हणतो.

हातावर भाजलं म्हणून नवरा तिला घेऊन आला होता. माणूस मोठा अदबशीर, मला वाकून नमस्कार केला. ती सांगायच्या आधीच तो सांगत होता, "चुलीवर पडली. लक्षच नसतंय हो तिचं." शिवलीला सिस्टरनी त्याला केसपेपर काढायला पाठवलं, तिथली रांग मोठी असते. मग पडदा ओढला.

"एनातव्वा?" त्यांनी कानडीत विचारलं. काय झालं, बाई?

"पडले."

मी बाहेर ड्रेसिंगचं सामान लावत होतो. बराच वेळ आत काही आवाज नाही. नंतर सिस्टरनी सांगितलं ते असं. त्यांनी पुन्हा विचारलंच नाही. टॅब तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, बोलायचं नसलं तर नको, दुखतंय तिथं नुसतं बोट ठेव. चंद्रव्वानं आधी हातावर ठेवलं. मग थांबली. मग आकृती उलटी करून पाठीवर ठेवलं. मग मानेवर, एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं. मग थांबेचना.

"पडलेल्या माणसाला मानेच्या दोन्ही बाजूंना बोटं लागत न्हाईत, ब्रदर," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. हात मात्र त्या पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

चंद्रव्वानं मग सांगितलं, पोलिसांत आत्ता जायचं नाही. आधी लेकीला माहेरी पोचवते, सोमवारी आई येणार आहे, तोवर घरात काही कळता कामा नये. पण हे सगळं लिहून ठेवा. पुढं मी येईन तेव्हा नाही म्हणू नका.

तिची इच्छा तशीच नोंदवली आहे. भाजल्याच्या पट्टीसाठी सोमवारी सकाळी बोलावलं आहे.

आजवर कितीजणी 'पडले' म्हणून आल्या आणि तशाच परत गेल्या. आज एकीनं न बोलता सगळं सांगितलं. हे काम आमच्या खोलीत झालं. मला याचा अभिमान वाटतो आणि तो वाटू देण्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही.

एक लहान गोष्ट. संध्याकाळी नोंद तपासताना दिसलं, सिस्टरनी फोन नंबरच्या जागी नुसती शून्यं भरली होती. तो रकाना भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही, म्हणून घाईत केलं असणार. पण मग मेसेज जायचा कसा? नशिबानं चंद्रव्वाचा नवरा अजून औषधांच्या खिडकीपाशी उभा होता. मी जाऊन घरचा नंबर विचारला. त्यानं लगेच सांगितला. मी भरून टाकला. सिस्टरना वाईट वाटेल म्हणून काही बोललो नाही. आता एकही रकाना रिकामा नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

शिवलीला सिस्टर सुट्टीवर. मॅडम नातेपुत्याला भाच्याच्या लग्नाला गेल्या आहेत. कालची नोंद बंद व्हायची आहे, ती सोमवारी होईल.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी पूजा झाली आणि चहा घेत बसलो होतो. फोनवर मेसेज आला. सौ.चं नाव आणि पुढं, आपला सोनोग्राफीचा रिपोर्ट तयार आहे.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन विचारलं, "कसली सोनोग्राफी?"

तिच्या हातातलं लाटणं थांबलं. "कुणी सांगितलं तुमाला?"

"मेसेज आलाय."

"आला व्हय." ती पोळी लाटायला लागली. "छातीत गाठ लागत हुती. साधीच हाय म्हणाल्या डॉक्टरीणबाई. तुमच्या दवाखान्यात आले असते तर चार जणींनी तुमाला सांगितलं असतं, मग तुमी जेवण सोडून बसला असता. म्हणून शुक्रवार पेठेत गेले."

"पण मला सांगायचं नाही?"

"सांगणारच हुते की. माझ्या सवडीनं. त्यांनी नंबर मागितला, मी घरचा दिला. मला काय ठावं ते लगीच तुमालाच कळवत्यात."

"घरचा म्हणजे माझा."

"मग? घरचा म्हंजे तुमचाच की. दुसरा कुठनं आणू?"

ती हसत होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला औषधांच्या खिडकीपाशी उभा असलेला तो अदबशीर माणूस दिसत होता. नंबर सांगताना एकेक आकडा सावकाश, मला लिहायला सोपं जावं म्हणून.

मॅडमना फोन लावला. मागं लग्नाची वाजंत्री. म्हणाल्या, "अहो ब्रदर, सगळ्या नोंदी आत्ताच बंद केल्या! पंगतीत बसल्याबसल्या. किती सोयीचं आहे हो हे!" मी काय सांगितलं ते त्यांना नीट ऐकूच गेलं नाही. ऋतुराजला लावला. त्यानं बघून सांगितलं, मेसेज गेला. गेलेला परत घेता येत नाही. "पुढचे सगळे बंद कर," मी म्हणालो. तो म्हणाला, तसं लेखी लागेल. मी म्हणालो, "माझ्या नावावर घे. काय होईल ते माझ्यावर." त्यानं बंद केले.

मग चंद्रव्वाला सावध करावं म्हणून तोच नंबर काढला. आधी शिवलीला सिस्टरना फोनवर कळवलं, तेवढंच बरं झालं.

"आता कुणाला फोन करणार, ब्रदर?" त्यांनी विचारलं.

"चंद्रव्वाला."

"उचलणार कोण?"

मी तो नंबर लावला नाही.

"घरी पण जाऊ नका," त्या म्हणाल्या. "आपण गेलो तर त्याला न कळलेलं पण कळंल. ती उद्या पट्टीला येणार हाय. वाट बघायची, बास." मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सौ.च्या रिपोर्टवर साधी गाठ असंच लिहिलं आहे. देवाचे आभार मानायला बसलो. तोंडी चंद्रव्वाचंच नाव येत राहिलं. जेवण गेलं नाही. सौ. म्हणाली, "बघा, म्हणूनच सांगितलं न्हवतं." तिला वाटतं, मी तिच्या गाठीमुळं बसून आहे. मी तसंच वाटू दिलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी लवकर जाऊन दारात उभा राहिलो. ती आली. स्वतःच्या पायांनी आली, बरोबर लेक, तिच्या पाठीवर दप्तर. मागं नवरा. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, नवं काही दिसलं नाही. तेव्हा मी दारातून बाजूला झालो.

शिवलीला सिस्टर तिला आणि लेकीला आत घेऊन गेल्या. जाताना माझ्या कानाशी म्हणाल्या, "तिची आई मागच्या दाराशी आली हाय. तुमी ह्याला हितं बसवून ठेवा. बोलत ऱ्हावा."

"मी? काय बोलू?"

"काय पण. तुमी इतकं सावकाश बोलता, की मधनं उठायला माणसाला लाज वाटती."

मी जाऊन त्याच्या शेजारी बाकावर बसलो. तोच खिशातून फोन काढत म्हणाला, "बरं झालं ब्रदर, तुमी भेटला. काल तुमच्या दवाखान्याचा मेसेज आलाय. जरा वाचा की."

मी विचारलं, "तुम्ही वाचला नाही?"

"माझी शाळा कानडी. तीबी चौथीपर्यंत. मराठी बोलतो, वाचता येत न्हाई. पोरीला दिला वाचायला. ती म्हणती, अवघड हाय, मला येत न्हाई. मराठी शाळंत चौथीला हाय बघा. एरवी बशीच्या पाट्या समद्या वाचती. काय शिकवत्यात कोण जाणं!"

हल्ली शाळांचं असंच आहे. पाठांतर होतं, वाचन होत नाही. पण आज त्या शाळेचे उपकारच म्हणायचे.

मी फोन हातात घेतला. माझेच शब्द होते. मी ते हळूहळू वाचल्यासारखं केलं आणि म्हणालो, "भाजलेल्या जागेला पाणी लागू देऊ नका. पट्टीला वेळेवर या. औषध अर्धवट सोडू नका."

"एवढंच?"

"एवढंच. असले मेसेज साठले की फोन हळू चालतो. काढून टाकू?"

"टाका की."

मी काढून टाकला. आज सोमवारचा उपास होता आणि मी दवाखान्यात बसून खोटं बोललो. आयुष्यात इतक्या सरळ आवाजात मी खरंही कधी बोललो नसेन.

मग मी बोलत राहिलो. करमाळ्याच्या कमलाभवानीच्या देवळाबद्दल बोललो, जेऊरच्या स्टेशनाबद्दल, आमच्याकडच्या केळीबद्दल, कॅनॉलच्या पाण्याबद्दल. त्याला चहा पाजला. माणूस बोलायला खरंच चांगला होता. मधेच हसून म्हणाला, "बायकू पडती लई, ब्रदर. सांगून सांगून दमलो." त्यानं हातातला कप खाली ठेवला, तेव्हा त्याची बोटं मी पाहिली. चांगली लांब, सडक बोटं. मला आकृतीवरचे मानेचे ठिपके आठवले. मी केळीबद्दल आणखी सांगितलं.

बऱ्याच वेळानं शिवलीला सिस्टर ट्रे घेऊन बाहेर आल्या. तो उठला. "झालं का हो पट्टीचं?"

"मगाशीच झालं की. गेल्या त्या."

"गेली? कुटं?"

"ते मला कसं ठावं? पट्टी केली, माझं काम संपलं."

त्याचं तोंड एका क्षणात बदललं. शुक्रवारपासून मी जे तोंड बघत होतो ते गळून पडलं आणि मागचं दिसलं. तो सिस्टरच्या अंगावर एक पाऊल गेला. मी मध्ये उभा राहिलो. मी काही धिप्पाड माणूस नाही, नुसता उभा राहिलो. सिस्टर मागं सरल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, हा दवाखाना हाय. वरती कॅमेरा हाय." तोवर वॉचमन आला. मग तो गेला.

तिघींची बस निघाल्याचा निरोप दुपारी सिस्टरना मिळाला. त्यांनी मला नुसती मान हलवून सांगितलं.

मी म्हणालो, "सिद्धरामाचीच कृपा बघा. ते कानडी भाषांतर राहून गेलं नसतं तर त्यानं काल दुपारीच वाचलं असतं."

"व्हय, कृपाच," त्या म्हणाल्या आणि ट्रेमधले चिमटे मोजायला लागल्या. तोंड वळवून हसत होत्या असं वाटलं.

संध्याकाळी त्याच सिद्धरामाच्या, सिद्धेश्वराच्या देवळात गेलो. खोटं बोलल्याची माफी मागायची ठरवली होती. तळ्याकाठी उभा राहिलो आणि आभार मानले. माफीचं राहूनच गेलं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

मॅडमनी मीटिंग घेतली. मी उभा राहिलो आणि सांगितलं की मेसेजची कल्पना माझी, नंबर बदलला मी, नवऱ्याला विचारला मी. तो मेसेज कायमचा काढून टाका. ऋतुराज फोनवर होता. म्हणाला, "सर, ते तर सगळ्यांना आवडलेलं फीचर होतं." मॅडम म्हणाल्या, "मी पंगतीत बसून बंद केली, त्याचं काय?"

शिवलीला सिस्टरना विचारलं, काय बदलायचं? त्यांनी उभं न राहताच सांगितलं. नंबरचा रकाना रिकामा ठेवता आला पाहिजे. नंबर दिलाच तर आधी विचारायचं, हा फोन कुणाच्या हातात असतो? तुमच्याशी कधी, कसं बोललेलं चालेल? आणि एकदा लिहिल्यावर तिला न विचारता कुणी बदलायचं नाही. "इनचार्जनं पण न्हाई," असं म्हणून माझ्याकडे बघितलं. सगळे हसले. मीही हसलो.

पंधरा मिनिटांचं बोलणं, पण मला वाटतं त्या खोलीचं खरं उद्घाटन आज झालं. ऋतुराज म्हणाला, दुसऱ्या गावांच्या टॅबवरही हाच बदल करतो. म्हणजे सोलापूरच्या एका सिस्टरचे शब्द कुठल्याकुठल्या खोल्यांत विचारले जाणार. मी घरी येऊन हे सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "आन तुमचे देवळातले शब्द?" मी म्हणालो, "ते गेले." ती म्हणाली, "चांगले हुते, पर."

मंगळवार, १७ फेब्रुवारी

शिवरात्र झाली. परवा रात्रीचं जागरण अजून अंगात आहे, पण आजचं आजच लिहिलं पाहिजे.

चंद्रव्वा आली. बरोबर आई आणि भाऊ. लेक आजोळीच आहे, तिथल्या शाळेत बसायला लागली. हातावरची पट्टी निघाली होती. चालताना ती कुणाच्या मागं नव्हती, तिघांत पुढं होती.

महिला हवालदार जबाब घ्यायला आल्या होत्या. त्यांनी तिला पदर बाजूला करायला सांगितलं आणि म्हणाल्या, "मानेवर तर काहीच दिसत नाही."

खरंच दिसत नव्हतं. इतक्या दिवसांत सगळं विरून गेलं होतं. जुना केसपेपर असता तर गोष्ट इथंच संपली असती. मॅडमनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मी तिथून दिसणार नाही असा उभा होतो. फक्त हवालदारबाईंचा चेहरा दिसत होता. त्या एकेक फोटो बघत गेल्या. तारीख बघितली, वेळ बघितली. एका फोटोशी बराच वेळ थांबल्या. मग स्वतःची खुर्ची ओढून चंद्रव्वाच्या जवळ घेतली आणि म्हणाल्या, "बस, बाई. सावकाश सांग. मी लिहिते."

शिवलीला सिस्टरनी दार लावून घेतलं. मी बाहेर बाकावर बसलो, कुणी मधेच आत जाऊ नये म्हणून.

मग तिचा आवाज यायला लागला. आधी बारीक, थोडं कानडी, थोडं मराठी. मग मराठीच. मग मोठा. नवऱ्याचं नाव तिनं स्पष्ट घेतलं, आडनावासकट. मी तो आवाज त्या दिवशी फक्त एका शब्दापुरता ऐकला होता. आज तो दाराबाहेर येत होता, थांबत नव्हता.

शब्द कळायला लागले तसा मी उठलो. ते मला सांगितलेले नव्हते. जिन्यापाशी जाऊन बसलो, तिथून दारावर लक्षही राहत होतं. तिथवर आवाज येत होता, शब्द येत नव्हते. पाणी न्यायला बाहेर आलेल्या शिवलीला सिस्टरनी मला लांब बसलेलं बघितलं. तांब्या भरून आत गेल्या आणि दार पुन्हा लावून घेतलं.